पिठलं

१४ डिसेंबर, रात्र

तीनशे शब्दांत परिचय हवाय, उद्या दुपारपर्यंत. सोळा तारखेला गावात शाळेच्या पटांगणावर आप्पांच्या फोटोला हार घालणार आहेत आणि कुणीतरी तो परिचय माइकवरून वाचणार. दादा म्हणाला, तूच लिही, तुझं मराठी चांगलं आहे. म्हणजे नेहमीचंच.

संध्याकाळी तासाभरात लिहून टाकला. जन्म १९४२. बासष्टच्या लढाईनंतर इमर्जन्सी कमिशन, मद्रासहून १९६३ साली सेकंड लेफ्टनंट होऊन बाहेर. मराठा लाइट इन्फन्ट्री. पुढे कायम कमिशन. एकाहत्तरच्या युद्धात पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर. १९९४ ला कर्नल म्हणून निवृत्त, एकूण नोकरी ३१ वर्षं. शब्द २८०. चूक एकही नाही. तरी पाठवावासा वाटेना. सारखं पिठलं आडवं येतंय.

काल सुभेदारमामा येऊन गेले. अपशिंग्याहून एसटीनं आले, सोबत दोन किलो वाघ्या घेवडा. गुडघे गेलेत, तरी फोटोसमोर टाच जुळवून उभे राहिले. मग ओट्यावर बसले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, “ताई, सायबांच्या हातचं पिठलं खाल्लंय आमी.”

मला आधी वाटलं, त्यांची काहीतरी गल्लत होतेय.

गल्लत नव्हती. चौकीचं नाव सांगितलं त्यांनी, मला काही समजलं नाही, मी मान हलवली. चौदा हजार फूट. आप्पा तेव्हा कॅप्टन, मामा नवे शिपाई. रस्ता बर्फानं बंद, लांगरी, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी, तापानं फणफणलेला. तिथं म्हणे पाणी लवकर उकळतं पण त्याला ताव नसतो, त्यामुळं डाळ शिजत नाही. “पानी खदखदतंय आन डाळ टणाटणा वाजतीया,” मामा म्हणाले. कुकर होता, त्याचं रबर गेलेलं. तेव्हा साहेब स्टोपुढं उकिडवे बसले, बाही वर सारली आणि बेसन मागितलं. बेसन काय, शिजतं कुठंही. वीस-बावीस माणसांचं पिठलं. गुठळी एक नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याला लागलेली खरपूड साहेबांनी स्वतः उलथन्यानं काढून खाल्ली.

हे सांगताना मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. मी घेवड्याची पिशवी कुठं ठेवावी ते बघत होते.

आमच्या घरात आप्पांनी पाण्याचा तांब्या कधी स्वतः भरून घेतला नाही. मीठ कुठल्या बरणीत असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, यावर आई अर्धं आयुष्य बोलत आलीय. आईला टायफॉइड झाला तेव्हा मी नववीत होते. ते रजेवर आलेले. पंधरा दिवस शेजारून डबा येत होता. आठवलं आणि काल रात्री झोप उडाली. पिठलं येत होतं तर.

हेवा वाटतोय, दुसरं काही नाही. सत्तरीपार सुभेदाराचा मला हेवा वाटतोय, हे लिहितानाही लाज वाटते, पण आहे खरं. त्यांच्याकडे जो आप्पा आहे तो मला मिळाला नाही. माझ्या वाट्याला पत्ता आला: द्वारा ५६ एपीओ. फौजेच्या टपालाचा पत्ता, माणूस नेमका कुठं आहे ते न सांगणारा. लहानपणी मला ते गावच वाटायचं. शाळेत बाईंनी विचारलं, वडील कुठे असतात, तर मी उभी राहून म्हणाले, छप्पन एपीओला. वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या दिवशी घरी येऊन मी नकाशात ते गाव शोधलं होतं.

संध्याकाळी पदकांची पेटी काढली. हुद्द्याचं, सालाचं काही चुकायला नको म्हणून. सहा आहेत. पासष्टचं रक्षा मेडल, एकाहत्तरचा पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली त्याचं एक, आणि नऊ वर्षांच्या व वीस वर्षांच्या सेवेची दोन. चौदा ऑगस्टला रात्री ते जुन्या बनियनच्या तुकड्यानं ब्रासो लावत बसायचे, तो वास अजून पेटीत आहे. आज पहिल्यांदा चष्मा लावून कडा बघितल्या. कडेला बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेलं असतं, हे मला माहीतच नव्हतं. पासष्टच्या पदकावर नंबराआधी ईसी. पुढच्यांवर आयसी. इमर्जन्सीचा माणूस कायमचा झाला तो असा, दोन अक्षरांत. मी पेटी पुसली आहे, पन्नासदा तरी. पण उलटून कडा बघितली नाही.

जमालपूर मात्र मला तोंडपाठ आहे. पाहुणे आले, दुसरा चहा झाला की जमालपूर. १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडून गावाच्या मागे जाऊन बसली. नऊ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी ३१ बलुचच्या कर्नल सुलतान अहमदला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. उलट चिठ्ठी आली ती बंदुकीच्या गोळीला गुंडाळून. लेखणी ठेवा, स्टेनगन घेऊन भेटू, असा त्यातला मजकूर. इथं आप्पा थांबायचे आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे बघायचे. मग दहाची रात्र, ढाक्याकडे निसटायला बघणारे बलुची थेट पलटणीच्या तोंडी आले ती. मग अकराला टांगाईलला पॅराशूटनं उतरलेली आपली २ पॅरा पलटण, आणि ती मुळात ३ मराठाच कशी, हे. म्हणजे भेटले कोण, तर मराठ्यांना मराठे. इथं सगळ्यांनी हसायचं. आम्ही हसायचो.

शत्रूची चिठ्ठी शंभरदा सांगितली. पिठलं एकदाही नाही.

कदाचित त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसेल. किंवा घरात सांगितलं असतं तर आईनं दुसऱ्या दिवशी परात पुढ्यात ठेवली असती, ही भीती. कर्नल माणूस, धोरणी.

आज दुपारभर मी एक हिशोब करत बसले होते. एकतीस वर्षं फौजेची. वर्षाला साठ दिवस रजा. त्यातले निम्मे दिवस गावाकडे शेतीच्या भानगडीत. मग मला किती आले? आकडा इतका बारीक निघाला की माझी मलाच कीव आली. मग लक्षात आलं की बेळगावची तीन वर्षं आणि आणखी दोन पीस पोस्टिंग्ज मी धरल्याच नाहीत, तिथं आम्ही सगळे एकत्रच होतो. धरली की हिशोब बिघडतो. आणि १९९४ नंतर तर माणूस इथंच होता, शाहूपुरीत, या ओट्यावर, रोज सकाळी पेपर घेऊन. तेव्हा कुठली पलटण आडवी आली होती? मी शनिवारी यायची, डबे ठेवायची, बीपीच्या गोळ्या मोजायची आणि जमालपूर सुरू झालं की आत जायची. माझं तेव्हा तसंच चाललं होतं सगळं. जाऊ दे.

मामांना मी परत विचारलंही नाही काही. अजून एक चौकी, अजून एक रात्र मिळाली असती. बसायची घाई नव्हती त्यांना, मलाच त्यांना लवकर उठवायचं होतं. स्टँडवर सोडायला गेले तर म्हणाले, “सायेब लई बोलायचे तुमच्याबद्दल.” काय बोलायचे? विचारलं नाही. बस लागली होती.

जेवताना आईला सांगितलं. मला वाटलं ती थक्क होईल, रागावेल, निदान पदर तरी डोळ्याला लावेल. ती भात कालवत म्हणाली, “येत असणार की. त्यांच्या आईला पाळी असली की लहानपणी हेच करायचे. थोरले ना.”

“मग घरी का नाही केलं कधी?”

“मी करू दिलं असतं?” आई म्हणाली. “सगळा ओटा राडा करून ठेवला असता. वर वीस माणसांचं केलं असतं, खायला आपण चार.”

म्हणजे तिला माहीत होतं. मीठ ठाऊक नसलेल्या माणसाची गोष्ट पन्नास वर्षं सांगणाऱ्या बाईला माहीत होतं. या घरात ५६ एपीओवर बहुधा मी एकटीच होते. हसूच आलं मला, ठसका लागेपर्यंत. आईनं पाठीवर थापट्या मारल्या.

थोड्या वेळानं तिनं ताटावरून मान वर केली. “लसूण ठेचून घालायचे का चिरून? त्यांच्या आईचा ठेचून असायचा. मी चिरून घालते. कधी काही बोलले नाहीत, पण खायचे कमीच.”

परिचय तसाच ठेवलाय. वीस शब्दांची जागा आहे अजून. पिठलं बसेल त्यात, पण माइकवरून कुणी वाचेल की गाळेल, सांगता येत नाही. आणि आप्पांना चाललं असतं का, तेही.

साडेनऊला अपशिंग्याला फोन लावला. सुनेनं उचलला. मामा झोपलेत म्हणाली, दमलेत कालच्या प्रवासानं. काही अर्जंट आहे का, उठवू?

नको, म्हटलं. लसणाचं विचारायचं होतं.