तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यात काय घालू?

टेबलावरची फुलं पाहून ‘किती दिवस झाले हो यांना?’ असं कुणी विचारलं, की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: ‘पाण्यात काय घालता?’ मग साखर, मीठ, अ‍ॅस्पिरिनची गोळी, तांब्याचं नाणं अशी नावं निघतात. माझं उत्तर दरवेळी एकच असतं. घालायचं काय ते नंतर बघू, आधी फुलदाणीत हात घालून बघा.

आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर फुलं का माना टाकतात ते तिथेच कळतं. देठात केसाहून बारीक नळ्या असतात आणि फूल पाणी पितं ते त्यांतूनच. पाण्यात वाढलेले जिवाणू आणि त्यांचा चिकट थर या नळ्यांची तोंडं बुजवतात. मग फुलदाणी काठोकाठ भरलेली असली तरी फूल तहानलेलंच राहतं. म्हणून फुलदाणी दरवेळी साबणाने घासायची, अगदी तळाच्या कोपऱ्यांपर्यंत. हात पोचत नसेल तर बाटली धुवायचा ब्रश वापरा. पाण्यात बुडणारी पानं सगळी काढून टाका. तीच आधी कुजतात.

नळी बुजण्याचं दुसरं कारण म्हणजे हवा. देठ कापून कोरडा राहिला की नळीत हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. त्यामुळे फुलं घरी आणली की प्रत्येक देठ दोन-तीन सेंटीमीटर तिरका कापायचा आणि लगेच पाण्यात ठेवायचा. तिरका अशासाठी, की देठ तळाला सपाट टेकून त्याचं तोंड बंद होऊ नये. बोथट कात्रीने देठ चेपतो, धारदार सुरीच घ्या. पाणी मी रोज बदलते, देठ दोन दिवसांआड पुन्हा कापते.

एकदा एका गुलाबाने दुसऱ्याच दिवशी मान टाकली. पाकळ्या घट्ट, रंग ताजा, पण फुलाखालचा कोवळा भाग दोरीसारखा लोंबत होता. असं फूल फेकून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ते मेलेलं नसतं. मी देठ पाण्याखाली धरून चांगला तीन सेंटीमीटर कापला, मान सरळ राहील असं फूल कागदात गुंडाळलं आणि देठ कोमट पाण्यात खोल बुडवून ठेवला. दोन तासांनी कागद सोडला तेव्हा मान ताठ होती. प्रत्येक गुलाब असा परत येतोच असं नाही, पण करून बघायला दोन तासच लागतात.

आता साखर. झाडापासून तुटलेल्या फुलाला अन्न मिळत नाही, म्हणून साखरेने कळ्या उमलायला खरंच मदत होते. पण तीच साखर जिवाणूही खातात. नुसती साखर घालून पाणी चार दिवस तसंच ठेवलंत तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त. घालायचीच तर लिटरभर पाण्याला 1 चमचा साखर आणि 2 चमचे लिंबाचा रस घाला, आणि पाणी रोज नवं घ्या. आंबट पाण्यात जिवाणू सावकाश वाढतात.

जरबेराला मात्र थोडंसंच पाणी द्या. त्याचा लवदार देठ खोल पाण्यात लवकर सडतो.

फुलदाणी कुठे ठेवता यावरही बरंच अवलंबून आहे. ऊन नको, पंख्याचा वारा नको. आणि फळांची टोपली शेजारी मुळीच नको! पिकणाऱ्या केळ्या-सफरचंदांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि फुलं त्याने लवकर म्हातारी होतात. कार्नेशनला तर तो अजिबात सोसत नाही. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर आत फळं नाहीत ना, ते आधी बघा.

निशिगंधाची दांडी खालून वर फुलत जाते. खालची सुकलेली फुलं रोज खुडा. गुलाबाचा देठ कापत कापत आखूड होत जातो, तसतशी मी फुलदाणीही बदलते: उंच, मग बुटकी, मग पेला. शेवटी बोटभर देठाचा गुलाब वाटीत ठेवते. तिथेही दोन दिवस निघतात.