तुम्ही विचारलंत म्हणून: मी फॉरवर्ड का करत नाही?

"ग्रुपवर असता, सगळं वाचता, मग पुढे का नाही हो पाठवत?" सोसायटीतल्या काकूंपासून माझ्या चुलतभावापर्यंत सगळे हे विचारतात. काहींना तो शिष्टपणा वाटतो. आता विचारलंतच, तर सांगतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर माझा राग नाही. टँकर कधी येणार, कोण आजारी आहे, भाचीने काढलेली रांगोळी, हे सगळं मला तिथेच कळतं. स्वतः टाइप केलेलं मीही भरपूर पाठवतो. गाडी अडते ती त्या बाणापाशी. मेसेज दाबून धरायचा, बाण, पाच नावांवर टिचकी, झालं. यात वाचायची गरजच पडत नाही. खाली 'जसं आलं तसं पाठवलं' लिहिलं की जबाबदारीही झटकली.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातला राईनपाडा. रविवार, आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत तिथे पोहोचले. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होतेच. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त पुरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने पाचही जणांना मारून टाकलं. मारणाऱ्यांची धरपकड झाली. मेसेज पुढे ढकलणारे मात्र त्या रात्री आपापल्या घरी जेवून झोपले असतील. त्यांना खुनी कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. पण त्यांच्यात माझ्यासारखे सुशिक्षित, मुलाबाळांची काळजी असलेले लोकच जास्त असणार, हे मला सुचतं आणि बोट थांबतं.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतला होता, मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करायला मुद्दाम बनवलेला. मोटारसायकलवाले पोराला उचलतात, शेवटी परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तो शेवट कापला. पाठवणाऱ्यांना हे कळायला काही मार्गच नव्हता, हे खरं. म्हणूनच तर.

राईनपाड्याच्याच महिन्यात, जुलैत, व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात फॉरवर्डसाठी एका वेळी पाचच चॅट अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. आमच्या ग्रुपवरचे उत्साही लोक हप्त्याहप्त्याने पाठवतात. कॉपी-पेस्ट केलं की 'फॉरवर्डेड'चा शिक्काही उरत नाही.

"पण चांगल्या गोष्टी तरी पाठवा!" हेही ऐकतो. मध्यंतरी 'बी निगेटिव्ह रक्त तातडीने हवंय' असा मेसेज आला. तारीख नाही, हॉस्पिटलचं नाव अर्धवट. पाठवण्याआधी दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस थकल्या आवाजात म्हणाला, "अहो, वडील जाऊन वर्ष झालं. अजून फोन येतात." मी माफी मागितली आणि ग्रुपवर लिहिलं की हा मेसेज जुना आहे, पुढे पाठवू नका. त्यावर चार अंगठे आले, आणि संध्याकाळी दुसऱ्या एका काकांनी तोच मेसेज पुन्हा टाकला.

तेव्हा माझ्याकडून सुप्रभात, सुविचार आणि 'सर्वांना पाठवा'ची अपेक्षा ठेवू नका. टँकरचं विचारत जा. त्या ड्रायव्हरशी मीच बोलतो, वेळ बदलली तर लगेच टाइप करून कळवतो.