संकल्प ताटाचा नको, ओट्याचा करा

नव्या वर्षाच्या याद्यांमध्ये ‘सकस खायचं’, ‘मीठ-साखर कमी करायची’, ‘जास्त वेळा घरी स्वयंपाक करायचा’ या ओळी हमखास असतात. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला भूक लागलेली असताना नेमकं काय हातात घ्यायचं, ते मात्र यातल्या एकाही ओळीवरून कळत नाही. त्या वेळी काय खाल्लं जाणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. काय आणलं होतं, काय भिजवलं होतं, काय चिरून ठेवलं होतं आणि धुतलेली भांडी किती उरली आहेत, यावर ते ठरतं. म्हणून उद्दिष्ट या आधीच्या कामांचं हवं. ‘कडधान्यं जास्त खाईन’ ही इच्छा झाली. ‘शनिवारी रात्रीची भांडी आवरली की अर्धा किलो राजमा भिजत घालीन’ हे उद्दिष्ट झालं. वेळ, काम आणि माप तिन्ही त्यात आहेत आणि रविवारी सकाळी ते झालं की नाही हे वाद न घालता सांगता येतं.

उद्दिष्टं ठरवण्याआधी एक आठवडा काहीही न बदलता नोंद ठेवा. कॅलरी मोजायची गरज नाही. प्रत्येक जेवणापुढे चार गोष्टी लिहा: काय खाल्लं, ते कुठून आलं (ताजं शिजवलेलं, उरलेलं, विकतचं), शिजवायला किती वेळ लागला आणि काय टाकून दिलं. टाकलेलं अन्न डोळ्यांनी अंदाजू नका, काट्यावर ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार जगभरात घरांमधून दर माणशी वर्षाला सरासरी 79 किलो अन्न वाया जातं, म्हणजे आठवड्याला दीड किलो. नोंदीतून बहुतेकदा दोनच दिवस वारंवार फसलेले दिसतात आणि त्यांची कारणं साधी असतात: त्या दिवशी उशीर होतो किंवा घरात भाजी उरलेली नसते. संकल्प त्या दोन दिवसांसाठी हवा, सातही दिवसांसाठी नको.

एका वेळी दोन उद्दिष्टं घ्या, फार तर तीन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयी 12 आठवडे तपासल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक 66 निघाला, म्हणजे निम्म्या जणांना याहून कमी दिवस लागले, आणि व्यक्तीगणिक फरक 18 ते 254 दिवस इतका मोठा होता (12 आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेले अंदाज आहेत). म्हणजे 21 दिवसांचा जो आकडा सगळीकडे फिरतो, त्यावर वर्षाचा बेत बांधू नये. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही, हे मला जास्त उपयोगाचं वाटतं.

आठवड्याला एक मोठं पातेलं

एकच उद्दिष्ट घ्यायचं असेल तर मी हे सुचवेन: आठवड्यातून एकदा अर्धा किलो कोरडं कडधान्य शिजवून ठेवायचं. काम स्वस्त आणि बहुतेक वेळ आपोआप होणारं आहे. दर 100 ग्रॅम शिजलेल्या राजम्यातून सुमारे 6 ते 7 ग्रॅम तंतू (फायबर) मिळतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सुचवते, म्हणजे चौथा हिस्सा इथेच आला.

अर्धा किलो राजमा किंवा हरभरे निवडून दोन लिटर पाण्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवून 8 ते 12 तास भिजवा. मिठाने कडधान्य कडक होतं ही समजूत उलटी आहे. सालीतल्या पेक्टिनला (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला) घट्ट धरून ठेवणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा सोडियम काही प्रमाणात घेतं, त्यामुळे साल मऊ होते आणि कमी फाटते. (मीठ कमी करायचा संकल्प असेल तर दचकू नका, यातलं बरंचसं मीठ पाण्याबरोबर ओतून जातं.) हवा उष्ण असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबतं.

सकाळी पाणी ओता, दाणे धुवा, दाण्यांवर चार-पाच सेंटिमीटर येईल एवढं ताजं पाणी घाला आणि खळखळून उकळी आणा. राजमा असेल तर ती जोरदार उकळी कमीत कमी 10 मिनिटं टिकली पाहिजे. अर्धा तास उकळलात तर आणखी चांगलं. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे बाधणारं प्रथिन नीट नष्ट झालं नाही तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि त्याला चार-पाच दाणेही पुरतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) राजमा थेट टाकणं म्हणूनच धोक्याचं: आतलं तापमान उकळीपर्यंत पोचत नाही आणि 80 अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान 100 अंशांच्या वर जातं, तिथे ही काळजी नाही.

उकळीनंतर आच कमी करा आणि 45 ते 90 मिनिटं शिजू द्या. शिजलं का हे एका दाण्यावरून ठरवू नका. वेगवेगळ्या जागचे पाच दाणे काढून जिभेने टाळ्यावर दाबून बघा, एकही टणक लागला तर अजून वेळ आहे. टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर हे सगळं दाणे पूर्ण मऊ झाल्यावरच. आंबटात पेक्टिन विरघळत नाही, आणि आधी घातलेल्या टोमॅटोमुळे दोन तासांनंतरही दाणे टणक राहतात. पाणी जड (क्षारांचं) असेल किंवा माल जुना असेल तरी हेच होतं. उष्ण, दमट जागी महिनोन्महिने पडून राहिलेलं कडधान्य कितीही शिजवलं तरी नीट मऊ होत नाही. अशा वेळी शिजवायच्या पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घाला. त्याहून जास्त नको, लगदा होतो आणि साबणासारखी चव येते.

अर्ध्या किलोचे शिजून सव्वा किलोच्या आसपास होतात. पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलू नका, मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि जिवाणूंना तेच हवं असतं. पसरट भांड्यांत पाच सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचा थर करा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. भाताला हा नियम आणखी कडक लावा, कारण भातातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि बाहेर राहिलेल्या भातात ते जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. तीन-चार दिवसांत संपेल एवढं फ्रिजमध्ये, बाकीचं 250 ग्रॅमच्या सपाट पिशव्यांत फ्रीजरमध्ये. सपाट पिशवी लवकर गोठते, लवकर सुटते आणि पुस्तकासारखी उभी राहते. पिशवीवर नाव आणि तारीख लिहा. फ्रीजरमधलं सगळं काही दिवसांनी एकाच रंगाचं दिसू लागतं.

मीठ

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमीच. चार जणांच्या घरात महिन्याला 600 ग्रॅम, आणि त्यात पाव, सॉस, खारवलेले पदार्थ, पाकिटातला खाऊ यांतलं मीठही धरलेलं आहे. पाकिटावर फक्त सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ येतं. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ.

प्रत्येक पदार्थाचं मीठ तोलत बसणं दोन दिवसांत बंद पडतं. शिवाय घरातला साधा काटा दोन-तीन ग्रॅमला नीट दाद देत नाही. त्याऐवजी सकाळी दिवसभराचं मीठ एका छोट्या वाटीत काढा आणि त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक त्याच वाटीतून करा. पहिला आठवडा नेहमीसारखं वापरून रोजची सरासरी काढा, मग दर पंधरा दिवसांनी दहा टक्के कमी करा. एकदम निम्मं केलंत तर जेवताना प्रत्येकजण वरून मीठ घेतो आणि हिशेब मोडतो. जीभ बदलते, पण तिला आठवडे लागतात. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच महिने कमी सोडियमचा आहार घेतलेल्यांना पूर्वीपेक्षा कमी खारट पदार्थ आवडू लागले होते. तोवर आंबटाचा आधार घ्या. पदार्थ आळणी वाटला की मिठाआधी लिंबाचे काही थेंब पिळून पाहा. अर्ध्याअधिक वेळा कमतरता आंबटाचीच असते. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराईड असतं, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

भाज्या, आणि त्या का नकोशा होतात

शिफारस दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या-फळांची आहे. बटाटा, रताळं यांसारखे पिष्टमय कंद त्यात मोजत नाहीत. एकदा 400 ग्रॅम तोलून ओट्यावर मांडून बघा, म्हणजे अंदाज येतो. रोज तोलायची गरज नाही.

भाजी नकोशी होण्यामागे बहुधा तिचा गिळगिळीतपणा असतो, आणि त्याला भांड्यातली गर्दी कारणीभूत असते. जोवर भाजीतून पाणी निघतंय तोवर तिचा पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जात नाही. खरपूस रंग आणि वास मात्र साधारण 140 अंशांनंतर भरभर येऊ लागतात. ओव्हन असेल तर 220 अंशांवर आधी तापवून घ्या. फ्लॉवर, गाजर किंवा भोपळ्याचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे पुसून कोरडे करा, 600 ग्रॅमला दीड मोठा चमचा तेल चोळा आणि मोठ्या ट्रेमध्ये एकाच थरात पसरा. 25 ते 35 मिनिटं लागतात, मध्ये एकदाच उलटायचे. एकावर एक रचले तर ते वाफवले जातात. गॅसवर करताना रुंद कढईत एका वेळी 300 ग्रॅमच घ्या आणि पहिली तीन मिनिटं अजिबात हलवू नका. सतत ढवळण्याची सवय मोडणं हाही एक चांगला संकल्प ठरेल.

नवीन शिकायचं असेल तर

‘वर्षात पन्नास नव्या पाककृती’ हा संकल्प दिसायला छान असतो, पण प्रत्येक पाककृती एकदाच होते आणि हातात काही उरत नाही. वर नव्या मसाल्यांच्या अर्धवट बाटल्या कपाटात साचतात. त्याऐवजी महिन्याला एक तंत्र घ्या आणि तोच पदार्थ चार वेळा करा, दर वेळी एकच गोष्ट बदलून. उकडलेली अंडी घ्या: उकळत्या पाण्यात फ्रिजमधली अंडी सोडून 7 मिनिटं, मग 9, मग 11, आणि प्रत्येक वेळी लगेच बर्फाच्या पाण्यात. चौथ्या खेपेला बर्फाचं पाणी वगळा, म्हणजे आतल्या उष्णतेने पिवळं किती पुढे शिजतं ते दिसेल. सॅलडचं ड्रेसिंगही असंच शिकता येतं: तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर इथून सुरुवात, मोहरीच्या सॉसने ते एकजीव राहतं. मीठ आधी व्हिनेगरमध्ये विरघळवा, तेलात ते विरघळत नाही.

स्वयंपाक नवा असेल तर जानेवारी सुरीला द्या. धार गेलेली सुरी घसरते, जास्त जोर मागते आणि म्हणून जास्त कापते. दुसऱ्या हाताच्या बोटांची टोकं आत वळवून पेरं पुढे ठेवा, पातं पेरांना टेकून चालू द्या. वेग विसरा, तुकडे सारखे हवेत, म्हणजे सगळे एकाच वेळी शिजतात.

खाण्याच्या बाजूने एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2019 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात बनलेलं तयार) आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खायला दिलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, मीठ सारखंच होतं, तरी पहिल्या प्रकारात लोकांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या. ताटात कमी वाढण्याचे नियम करण्यापेक्षा ताटात काय येतं ते बदललेलं बरं.

फसलेल्या दिवसांसाठी एक पंधरा मिनिटांचं जेवण आधीच नेमून ठेवा. त्याचं सगळं साहित्य न नासणारं हवं: लाल मसूर, कांदा, डब्यातला टोमॅटो, तेल, एक मसाला. सालं काढलेला लाल मसूर न भिजवता शिजतो, 200 ग्रॅमला 700 मिली पाणी घ्या. टोमॅटो इथेही शेवटी घाला. साहित्य वापरलं की त्याच दिवशी खरेदीच्या यादीत लिहायचं, नाहीतर पुढच्या फसलेल्या दिवशी मसुराचा डबा रिकामा सापडतो.

मार्चअखेर पुन्हा एक आठवडा तीच चार गोष्टींची नोंद ठेवा आणि जानेवारीच्या नोंदीशेजारी ठेवून वाचा. जे उद्दिष्ट दहापैकी आठ वेळा झालं ते यादीतून काढा, आता ते आपोआप होईल. जे चारपेक्षा कमी वेळा झालं त्याचं माप किंवा वार बदला: अर्ध्या किलोचं पाव किलो, शनिवारचं बुधवार. तरीही जूनपर्यंत झालं नाही तर ते सोडून नोंदीतला दुसरा फसलेला दिवस घ्या.