पान ० तेच, पान १ बदलतंय: हट्टी स्पीकरचा छडा लागला

मंडळी, माझा ब्लूटूथ स्पीकर सापडला! म्हणजे होता समोरच, पण एलईवर (लो एनर्जी, ब्लूटूथचा कमी वीज खाणारा प्रकार) कधी दिसायचा, कधी गुल. अँटेना, अंतर, वायफायची गर्दी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

उपकरणाला काय काय येतं ते एकेका बिटाने सांगणारी ब्लूटूथची यादी आठ-आठ बाइटांच्या पानांत येते. त्यातलं या स्पीकरचं पान ० तुम्हाला पाठ असेलच (हेक्समध्ये): एफएफ एफएफ ८एफ एफई डीबी एफएफ ५बी ८७. शून्यापासून मोजलं तर बाइट ४ म्हणजे डीबी. त्यात बिट ३८ लागलेला, म्हणजे एलई आहे. ‘क्लासिक नाही’ असं सांगणारा बिट ३७ शून्य, म्हणजे क्लासिकही (जुना, नेहमीचा ब्लूटूथ) आहे. दिसो वा न दिसो, हे आठ बाइट कधीच बदलले नाहीत आणि मी तिथेच डोकं आपटत बसलो होतो.

वाट दाखवली शेवटच्या ८७ ने. त्याचा सगळ्यात वरचा बिट, ६३, सांगतो की पुढची पानंही आहेत. क्लासिकवरून जोडणी केली, एक्स्टेंडेड फीचर्सची कमांड देऊन पान १ मागवलं आणि बीटीमॉन (ब्लूटूथची देवाणघेवाण दाखवणारं लिनक्सवरचं साधन) उघडं ठेवलं. पहिला बाइट ०१. स्पीकर चार्जरला लावला, बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा जोडला: ०३! वाढलेला बिट ६५, होस्टचा (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एलई सपोर्ट. चार्जर काढून चालू केला की परत ०१, आणि एलईवरून गायब. पान ० चिपची कुवत सांगतं. पान १ वरचे बिट होस्ट स्वतः कमांड देऊन लावतो. फर्मवेअर बॅटरी वाचवायला एलई सुरूच करत नसणार. करा बापडे, पण माहितीपत्रकात एक ओळ टाकायला काय जात होतं?

हे सगळं लॅपटॉपच्या आतल्या अडॅप्टरवर. स्वस्तातलं यूएसबी डोंगल मी खणात टाकलंय. ते बिट ५३ लावून एरोनियस डेटा रिपोर्टिंग (चुकीचा आलेला डेटा कळवणं) येतं म्हणतं आणि ती कमांड दिली की एरर देतं. असल्या नकली चिपांसाठी लिनक्स कर्नलमध्ये खास अपवाद लिहावे लागलेत, यातच काय ते आलं.

एक छोटा विजय: हे बाइट उलगडणारा माझा डिकोडर आता बिट २० ते २२ वेगवेगळे ‘आहे-नाही’ म्हणून छापत नाही. तो तीन बिटांचा एकच आकडा आहे, फ्लो कंट्रोल लॅग (‘थांब’ म्हटल्यावरही किती डेटा येऊ शकतो ते), २५६ बाइटांच्या पटीत. इथे तो शून्य निघाला, तरी छापून आल्यावर बरं वाटलं.

पुढे एलईचा फीचर सेट घेणार होतो. २एम फाय (जास्त वेगाचा रेडिओ), कोडेड फाय (लांब पल्ल्याचा) वगैरे. पण लिहिता लिहिता सुचलं, आधी चिपचा बिट आणि त्याच गोष्टीचा होस्टचा बिट अशा जोड्याच तपासाव्यात. ३८ ला ६५, सिंपल पेअरिंगच्या ५१ ला ६४, आणि सिक्युअर कनेक्शन्ससाठी पान २ वरच्या १३६ ला ६७. चिप हो म्हणते आणि होस्ट गप्प, अशी प्रत्येक जोडी डिकोडरने लाल रंगात दाखवायची. त्यासाठी कमाल पान क्रमांक आधी वाचायला हवा, नाहीतर नसलेलं पान २ मागत बसेल. कोणाकडे १३६ लागलेला पण ६७ शून्य असलेला हेडसेट असेल तर तिन्ही पानांचे बाइट टाका, त्यावरच पहिली चाचणी घेतो.