तुम्ही विचारलंत म्हणून: एकच वीकेंड असेल तर न्युर्नबर्ग

म्युनिकला राहायला येऊन नऊ वर्षं झाली, आणि ऑफिसच्या कामासाठी पुण्याहून कोणीही दोन-तीन आठवडे आलं की पहिल्या शुक्रवारी दुपारी मला हाच प्रश्न येतो, "अगं, एकच वीकेंड मोकळा आहे, एखादं जुनं, टिपिकल जर्मन शहर सांग ना, आणि जमलं तर दोन-तीन गावं एकदम होतील असं काहीतरी बसव." गेल्या महिन्यात तिघांनी विचारलं म्हणून यावेळी सविस्तर लिहूनच टाकते.

आधी ते दोन-तीन गावांचं डोक्यातून काढा. मी हा उद्योग आई-बाबांना घेऊन केलाय. शनिवारी सकाळी रोथेनबुर्ग, संध्याकाळी न्युर्नबर्ग, रविवारी बांबेर्ग, असा एक्सेल शीटमधला प्लॅन होता, त्यात प्रत्येक गाडी बदलायला सात-आठ मिनिटं ठेवलेली, आणि बाबांचा गुडघा त्या शीटमध्ये कुठेच नव्हता. पहिलीच गाडी बदलताना चुकली, आम्ही एका छोट्या स्टेशनवर तासभर बसून आईने आणलेला चिवडा संपवला आणि आई म्हणाली, "इथेच बरं वाटतंय गं, कुठे पळायचंय का आता?" बांबेर्ग रद्द झालं, न्युर्नबर्गला दीड दिवस मिळाला, आणि तेव्हापासून मी सगळ्यांना तिकडेच पाठवते.

न्युर्नबर्गच का, तर नुसती गोड दिसणारी गावं तीन तासांत संपतात. लाकडी चौकटींची घरं, खिडकीत लाल फुलं, एक चौक, एक चर्च, फोटो काढून झाले की चौथ्या तासाला माणूस कॉफी पीत मोबाइल बघायला लागतो. न्युर्नबर्गला सगळं गोड आहेच, पण त्याच्या खाली काहीतरी निघतं. खरं तर मुळात हे जुनं शहर जुनं नाहीये. 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या शहराचा 90 टक्के भाग गेला होता, तुम्ही बघता ते बरंचसं नंतर परत बांधलेलं आहे, जुन्या रस्त्यांच्या आखणीवर आणि जुन्या उतरत्या छपरांच्या वळणाने. हे माहीत असलं की दगडांकडे बघायची नजर बदलते, एकाच भिंतीत काळा दगड आणि गुलाबीसर नवा दगड वेगळे दिसायला लागतात.

आता जायचं कसं. चार-पाच जण असाल तर बायर्न-टिकिट, म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्यातलं एका दिवसाचं तिकीट, काढा, एकाच तिकिटावर पाच जण, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच चालतं (इतर दिवशी सकाळी नऊनंतर), आणि न्युर्नबर्गमधली मेट्रो-ट्रामही त्यातच येते. फक्त साध्या रिजनल गाड्यांनाच चालतं, आयसीईत, म्हणजे वेगवान लांब पल्ल्याच्या गाडीत, चढू नका. आयसीईने तासाभरात पोचता, रिजनलने पावणेदोन तास, सरळ गाडी असते, बदलायचं काही नाही. हॉटेल स्टेशनजवळ किंवा तटबंदीच्या आत घ्या आणि एक रात्र राहाच, कारण संध्याकाळी डे-ट्रिपवाले परत गेले की शहर आपलं होतं. जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे खेळण्यांचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं आणि डिसेंबरात ख्रिसमस मार्केट, दोन्ही वेळी हॉटेलचे दर विचारू नका. ख्रिसमस मार्केट बघायचंच असेल तर मधल्या वारी जा, शनिवारी संध्याकाळी तिथे दादर स्टेशन असतं.

शनिवारी बाराच्या आत हाउप्टमार्क्टला पोचा. हा मुख्य चौक, भाजी-फुलांचा बाजार इथेच भरतो. फ्राउएनकिर्शं नावाच्या चर्चवर 1509 चं यांत्रिक घड्याळ आहे, बरोबर बाराला दार उघडतं आणि सात इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडणारे राजे-सरदार आणि आर्चबिशप, बाहेर येऊन सम्राट चौथ्या कार्लभोवती तीन फेऱ्या मारतात. 1356 मध्ये या सम्राटाने काढलेल्या सुवर्ण फर्मानाची ती आठवण, सम्राट निवडायचा अधिकार कोणाकडे हे त्यात ठरलं. सगळे मोबाइल वर करून उभे असतात, मीही असते. पण हा चौक एवढा मोकळा कसा, तर इथे ज्यूंची वस्ती होती. 1349 मध्ये याच कार्लच्या संमतीने ती पाडली, त्यात निदान 562 माणसं मारली गेली, आणि सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या, जागेवर हे चर्च उभं राहिलं. आईला हे सांगितल्यावर ती घड्याळाकडे बघायचीच थांबली, मला वाटलं उगाच सांगितलं, पण रात्री तिनेच परत तो विषय काढला.

तिथून चढ चढत किल्ल्याकडे. चढ बेताचाच आहे पण दगडी फरसबंदी आहे, हाय हील्स आणि चाकांच्या बॅगा हॉटेलवरच ठेवा. किल्ल्यात मला सगळ्यात आवडते ती खोल विहीर, जवळजवळ 50 मीटर, खडकात खोदलेली. गाइड वरून पाणी ओततो आणि सगळे गप्प होतात. आम्ही साताऱ्याची माणसं, किल्ला म्हटलं की पाण्याची सोय आधी बघतो, त्यामुळे बाबा एकदम खूश, "एक, दोन, तीन" असं मोठ्याने मराठीत मोजत होते आणि तीनच्या पुढे गेल्यावर बाजूचे जर्मनही हसायला लागले.

किल्ल्याच्या पायथ्याशी ड्यूररचं घर, चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर, 1509 पासून 1528 मध्ये वारेपर्यंत तो इथे राहिला. तुम्ही म्हणाल चित्रकाराचं घर काय बघायचं, पण एक गोष्ट ऐका. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला, त्यांचा इथला गव्हर्नर अल्बुकर्क याने तो गोव्याहून जहाजात चढवून पोर्तुगालच्या राजाला पाठवला, आणि मे 1515 मध्ये तो लिस्बनला उतरला. त्याचं वर्णन आणि एक कच्चं स्केच न्युर्नबर्गला पोचलं आणि ड्यूररने गेंडा कधीही न बघता त्याचं चित्र केलं, चिलखत घातल्यासारखा गेंडा, आणि खांद्यावर एक जास्तीचं छोटं शिंग! छापून ते युरोपभर गेलं आणि पुढे शेकडो वर्षं लोकांना गेंडा म्हणजे असाच वाटत होता. गेंडा बिचारा पुढे पोपला भेट म्हणून जाताना इटलीजवळ जहाजाबरोबर बुडाला. गोव्याहून निघालेल्या जनावराची एवढी कीर्ती या चार मजली घरातून झाली, हे मला दर वेळी तितकंच मजेशीर वाटतं.

संध्याकाळी या घरासमोरच्या चौकातच बसा, खाली दगडांवर, सगळे तसेच बसतात, बिअर घेऊन. त्याआधी वेळ असेल तर जमिनीखालची बिअरची तळघरं बघा, टेकडीच्या खडकात कोरलेली, बिअर थंड ठेवायला केलेली आणि युद्धात लोक जीव वाचवायला तिथेच बसलेले. फक्त गाइडबरोबरच आत सोडतात. जॅकेट न्या, उन्हाळ्यातही आत कुडकुडायला होतं.

खाण्याचं थोडक्यात. इथले सॉसेज बोटाएवढे, 'द्राय इम वेग्ला' म्हणजे पावात तीन, रस्त्यावर उभं राहून खायचे. पोर्कचे असतात, सांगून ठेवते. शाकाहारी असाल तर केझश्पेट्झलं (चीज घातलेले नूडल्ससारखे), ब्रेत्सेल (गाठ मारलेला खारा पाव) आणि त्याला लावून खायचा चीजचा ओबात्सदा मिळतो, बटाट्याच्या सॅलडमध्ये मात्र कधीकधी बेकन किंवा मांसाचं पाणी असतं, विचारून घ्या. आणि लेबकुखन, म्हणजे इथली मसालेदार बिस्किटं, घ्याच, त्यातही एलिझन प्रकारची, त्यात पीठ जेमतेम आणि सुकामेवा भरपूर. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "यात लवंग, वेलदोडा सगळं आपलंच आहे की."

रविवारी दुकानं बंद, पूर्ण बंद. मी पहिल्यांदा विसरले होते आणि आईच्या सकाळच्या चहासाठी दुधाची पिशवी शोधत स्टेशनपर्यंत चालत गेले. तर रविवार दुसऱ्या न्युर्नबर्गसाठी ठेवा. मेट्रोने बेरेनशांत्सं स्टेशन, तिथलं कोर्ट, हॉल नंबर 600. नोव्हेंबर 1945 ते ऑक्टोबर 1946 नाझी पुढाऱ्यांवरचा खटला इथेच चालला, चार भाषांत एकाच वेळी भाषांतर करत. हॉल बघून लोक म्हणतात "एवढाच?" साधा लाकडी हॉल आहे, 2020 पर्यंत त्यात नेहमीचे खटलेही चालायचे. वरच्या मजल्यावर प्रदर्शन आहे, दीड तास ठेवा.

त्यानंतर एस-बानने, म्हणजे लोकलने, दुत्सेंडटाइख. हिटलरच्या सभांचं मैदान. दगडी स्टँड, आणि जवळच 60 मीटर रुंद रस्ता, संचलनासाठी बांधलेला, आता त्यावर गाड्या पार्क करतात. काही भाग दुरुस्तीसाठी बंद असतो, आधी बघून जा. आम्ही गेलो तेव्हा एक पोरगा त्या स्टँडच्या भिंतीवर टेनिस बॉल मारत होता, एकटाच, ठक, ठक. बाबा पायरीवर बसून बराच वेळ ते बघत राहिले आणि मग म्हणाले, "बरं केलं, पाडलं नाही ते."

हे मुलांना झेपणार नसेल तर त्यांना रेल्वे म्युझियमला न्या, जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे 1835 मध्ये इथूनच शेजारच्या फ्युर्टला धावली होती. परतीला रविवारी सहानंतरची रिजनल गाडी टाळा, म्युनिकपर्यंत उभं राहावं लागतं.