पका

दुपारी लेस्टरहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. हातात खोका, तोंडात घास. "आत्या, हा पका पाय. आणि आहेही एकदम पका!"

शेजारी गुडघ्याला तेल चोळत बसलेली आई दचकली. "कुणाचा पाय पिकला?"

पाय म्हणजे खिमा भरून भट्टीत भाजलेली जाडजूड करंजी, हे तिला पटेपर्यंत त्याचा निम्मा खाऊन झाला होता. आणि पका म्हणजे आपलं पक्काच. साहेब जाताना घेऊन गेला, वाटेत अर्धा 'क' सांडला. पूर्वी साहेबांतला अस्सल, खानदानी साहेब तो 'पका साहेब'. आता तिकडच्या पोरांच्या तोंडी त्याचा अर्थ झकास, एक नंबर. १९९९ साली बीबीसीवर आलेला जेमी ऑलिव्हर नावाचा शेफ तर उठसूट पका म्हणायचा. भाच्याच्या हातातली पायवाली कंपनी त्याच्याही आधीची, १९६३ची, लेस्टरशायरचीच. शब्दाचं मूळ पच्, शिजवणे. म्हणजे पका पाय म्हणजे नुसता शिजलेला पाय. खोक्यावर इतकं खरं कोण छापतं!

माझी कुरकूर वेगळीच आहे. इथे असताना साहेब कच्चाही म्हणायचा. घरी पोचला तो पक्काच तेवढा. कच्च्यावाचून पक्क्याला काय चव? पावती, वही, सडक, सगळ्यांच्या जोड्या आहेत. लोणच्याला तर कैरी कच्चीच लागते.

आणि मी कच्चं लिंबू होते. वाड्याच्या चौकात डबा ऐसपैस रंगायचा, आणि मी तुळशीवृंदावनामागे अर्धी बाहेर दिसत लपायचे. सापडले तरी आउट नाही. खरं तर मला कुणी शोधायचंच नाही, पण ते तेव्हा कळत नव्हतं. एका मे महिन्यात दादानं, म्हणजे या भाच्याच्या बापानं, जाहीर केलं, "ही आता पक्की." केवढी फुगले मी! लगेच माझ्यावर राज्य आलं. शंभरपर्यंत आकडे म्हटले, जिन्याखाली, न्हाणीघरात, माळ्यावर शोधलं. कुणी नाही. दिवेलागण झाली तेव्हा स्वयंपाकघरातून आमरसाचा वास आला आणि पाठोपाठ सगळ्यांचं हसणं. माझी वाटी झाकून ठेवली होती म्हणे. मी ती तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी आईकडे अर्ज केला, मला परत कच्चं करा.

"दिवाळीला येतोयस ना रे?" आईनं फोन स्वतःकडे ओढला. "पक्कं?"

तिकडे घास थांबला. "बघतो गं आजी."

फोन बंद झाल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तेलाची वाटी झाकत म्हणाली, "बोलण्यात त्याचा पाय गार झाला असेल."