दिवा विझला, तरी नळाला झिणझिण्या

गेल्या डिसेंबरात शाहूपुरीतल्या मावशीचा सकाळी साडेसहाला फोन आला. "अगं, गिझरचा दिवा विझलाय, पाणी तापून झालंय, तरी नळाला हात लावला की झिणझिण्या येतात." मी म्हटलं, "मेन बंद कर आणि न्हाणीघरात कुणाला जाऊ देऊ नकोस. मी निघालेच."

माझे वडील साखर कारखान्यात वायरमन होते. शाळेच्या सुट्टीत त्यांच्या मागे टेस्टर घेऊन हिंडले, तेवढंच माझं शिक्षण. पण त्यांचं एक वाक्य पक्कं बसलंय: स्विच असो की थर्मोस्टॅट, तोडायचा तो फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, परतीची न्यूट्रल नव्हे. मावशीनं सांगितलेलं ऐकताच तेच आठवलं.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच. पाणी तापलं की तो सर्किट तोडतो आणि पाणी तापवणारी कॉइल बंद होते. तो फेजमध्ये असेल तर कॉइलपर्यंत करंट पोचतच नाही. तो न्यूट्रलमध्ये असेल तरी पाणी तापायचं थांबतं, दिवाही विझतो, पण कॉइलवर 230 व्होल्ट तसेच उभे राहतात. मग कॉइलच्या नळीला बारीकशी चीर पडली की करंट पाण्यात उतरतो.

गिझर उघडला तर आतली जोडणी बरोबर होती. फेजची तपकिरी वायर थर्मोस्टॅटकडे, निळी न्यूट्रल थेट कॉइलला. मी चक्रावले. मग भिंतीवरच्या सॉकेटकडे वळले. मेन तेवढ्यापुरता चालू करून टेस्टर लावला. समोरून पाहिलं तर फेज उजव्या भोकात हवा, तो डाव्या भोकात निघाला. म्हणजे गिझरमधलं सगळं नीट असूनही सॉकेटनं ते उलटं केलं होतं. मेन परत बंद करून सॉकेट खोलला, तर वरच्या जाड पिनेची हिरवी वायर आत नुसतीच लोंबत होती. अर्थिंग नाहीच. जुनं घर, करंट गळाला की लाईन तोडणारी आरसीसीबीही नाही.

आणखी एक गोष्ट पाहून मात्र माझे हात थंड पडले. पाणी प्रमाणाबाहेर तापलं तर लाईन तोडणारा कटआउट थर्मोस्टॅटच्या जोडीला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना वायरचा तुकडा जोडून कुणीतरी तो निकामी करून ठेवला होता. मावशी म्हणाली, "तो सारखा पडायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी एकानं दुरुस्त केला." ही दुरुस्ती नव्हे. तो पडत होता, कारण मावशीकडे बोअरचं जड पाणी येतं. थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षाराचा जाड थर बसला होता, त्यामुळे त्याला पाणी तापल्याचं उशिरा कळायचं. इशारा देणाऱ्याचंच तोंड बांधलं.

मावशीचा मुलगा मिनेसोटात असतो. फोनवर म्हणाला, "ताई, मी इथं फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचा, थर्मोस्टॅट स्वतः बदलला, अर्ध्या तासाचं काम." त्याचं खरं आहे. तिकडे भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला बहुधा 24 व्होल्टच येतात. तो आर आणि डब्ल्यू ही टोकं जोडतो, तेवढ्या इशाऱ्यावर फर्नेस पेटते. तिथंही वायरच्या रंगापेक्षा टोकावरचं अक्षर पाहायचं. आर चुकून सी ला, म्हणजे परतीच्या टोकाला, टेकली तर फर्नेसमधल्या बोर्डावरचा फ्यूज उडू शकतो, म्हणून आधी फर्नेसचा स्विच बंद करायचा. पण आपल्या गिझरमध्ये कॉइलचा सगळा करंट, 2000 वॉटला जवळपास 9 अँपिअर, थर्मोस्टॅटमधूनच जातो. त्यामुळे ज्याला हे काम येत नाही त्यानं गिझर उघडू नये. सॉकेटचा फेज कुठल्या बाजूला आहे आणि अर्थिंग खरंच जोडलंय का, एवढं मात्र वायरमनला समोर उभं राहून तपासायला लावा.

मावशीकडे कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट सगळं नवीन घातलं. नव्या कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर 26 ओहमच्या आसपास आला, 2000 वॉटला तेवढाच हवा. सॉकेट सुलटा केला, अर्थिंगची वायर मेनबोर्डापर्यंत नवी ओढली आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. तिचं टेस्ट बटण मावशीलाच दाबायला लावलं. खटकन पडली, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

वरच्या मजल्यावर भाडेकरू राहतात. त्यांचा गिझरही त्याच माणसानं बसवलाय. रविवारी मल्टिमीटर घेऊन जातेय.